हजेरी मावशींची, फोन आमचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या सोसायटीच्या गेटवर ॲप येऊन दोन वर्षं झाली. मावशींनी सहा आकडी कोड सांगितला की माझा फोन वाजतो: 'मदतनीस आत आल्या, ७.५२.' सुरुवातीला मलाही बरं वाटलं; चहाचं आधण वेळेवर टाकता यायचं.

गेल्या महिन्यात मावशींना ताप होता. आमच्याकडची भांडी कशीबशी उरकून त्या घरी गेल्या आणि उरलेल्या दोन घरी 'आज जमणार नाही' असा निरोप दिला. संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांच्या नोंदीचा स्क्रीनशॉट. आत ७.५२, बाहेर ८.४०. खाली प्रश्न: 'मग हे काय?' दुसऱ्या दिवशी दारोदार तापाचा खुलासा करत फिरल्या बिचाऱ्या. त्या कुठल्या फ्लॅटमध्ये कामाला जातात, महिन्यात किती खाडे झाले, त्यांना किती तारे मिळाले, हे सगळं अख्ख्या सोसायटीला दिसतं. मावशींच्या बटणांच्या फोनवर त्यातलं काहीच उघडत नाही. (मावशींनी आम्हाला तारे द्यावेत, अशी सोय कुणीच केलेली नाही, ते एक बरंच आहे.)

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की संमती दबावाविना, नीट माहिती देऊन घ्यावी आणि ती मागे घेणंही तितकंच सोपं असावं. नोव्हेंबर २०२५मध्ये त्याचे नियम निघाले, पण मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. मावशींची संमती म्हणजे वॉचमनने 'इकडे बघा' म्हणून काढलेला फोटो. नको म्हणाल्या असत्या, तर आत कोण सोडणार होतं?

चोऱ्या होतात, मान्य. त्यासाठी आल्या-गेल्याची नोंद गेटवर राहू दे. ती पूर्वी वहीतही होतीच, पण ती वही सोफ्यावर बसून कुणी चाळत नव्हतं.

मावशींचा तक्ता इतर घरांना दिसू नये, एवढा अर्ज मी समितीकडे दिला आहे. सचिवांनी तो घेतला. पार्किंगचा विषय मिटला की बघू, म्हणाले.

– एक रहिवासी, बाणेर, पुणे
(कृपया नाव छापू नये. मावशींना लगेच ओळखतील.)