रो-हाऊसला नाके मुरडू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्याच्या वाढीवर आपल्या वाचकपत्रांतून चर्चा चालू आहे. पेठेत कोंडून राहण्यापेक्षा बाहेर तीन गुंठे घ्यावेत आणि ऐसपैस बंगला बांधावा, असा बहुतेकांचा सूर दिसला. मी प्लंबर आहे. चिमणपुरा, व्यंकटपुरा, यादोगोपाळ पेठेतल्या बोळांत माझे काम असते, तसेच गोडोली, शाहूनगर, विलासपूरकडच्या कॉलन्यांतही असते. घराचा बराचसा खर्च जमिनीखाली गाडलेला असतो, तो मला रोज दिसतो. म्हणूनच सांगतो, आपल्या शहराला भिंतीला भिंत लागून असलेली घरे, म्हणजे रो-हाऊसच, झेपणार आहेत.

हिशेब सोपा आहे. 18 फूट रुंद आणि 60 फूट खोल जागा म्हणजे जवळपास एक गुंठा. तेवढ्यात दुमजली रो-हाऊस होते. तीन गुंठ्यांचा प्लॉट तितकाच खोल धरला तर रस्त्याकडेने 54 फूट अडवतो. आता 300 फुटांची एक गल्ली घ्या. तिच्या एका बाजूला 16 रो-हाऊस बसतात, बंगले मात्र पाचच. पाइप दोन्हीकडे 300 फूटच लागतो. खोदाई तेवढीच, गटार तेवढेच, विजेचे खांबही तेवढेच. घंटागाडीला तेवढाच फेरा पडतो. पण एकीकडे हा खर्च 16 घरपट्ट्या उचलतात आणि दुसरीकडे पाच. बंगल्याची घरपट्टी जास्त येते हे मान्य, पण ती तिप्पट भरायला कोण तयार होईल? मग रस्ता उखडला की वर्षानुवर्षे तसाच राहतो, आणि नगरपालिका काही करत नाही म्हणून ओरड सुरू होते.

पाण्याचे तर विचारूच नका. थोरल्या शाहू महाराजांनी अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याशी हे शहर वसवले. महादरे-यवतेश्वरच्या बाजूचे पाणी खापरी नळांनी आणून पेठांतल्या हौदांत सोडले जाई. जवळजवळ राहणाऱ्या वस्तीलाच अशी सोय करता येते. आजही कास तलावाचे पाणी डोंगरावरून उताराने खाली येते आणि पश्चिमेकडच्या पेठांना मिळते. शहापूर योजनेचे पाणी मात्र पंपाने उचलावे लागते, वीज गेली की ते थांबते. वस्ती जितकी पसरेल तितकी लाइन लांबते, जोड वाढतात, गळती वाढते, आणि शेवटच्या घराला करंगळीएवढी धार येते. मग प्रत्येक बंगल्यात बोअर पडतो. शेजारच्याचा 200 फूट, तर आपला 300 फूट.

गेल्या उन्हाळ्यात एका कॉलनीत मला बोलावणे आले. मालक मुलाकडे पुण्याला गेले होते आणि अंगणातल्या लाइनचा एल्बो, म्हणजे वळणावरचा जोड, फुटला होता. पाणी फरशीखालून कंपाउंडच्या कोपऱ्यात मुरत राहिले, कर्दळ हिरवीगार झाली आणि भिंतीचा पाया खचायला लागला. दोन्ही बाजूंचे बंगलेही कुलूपबंद, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. पेठेत हे होणे शक्य नाही. टाकी भरून वाहायला लागली की समोरच्या ओट्यावरून हाक येते, "अहो काकू, मोटार बंद करा!" दार दोन दिवस उघडले नाही तर शेजारी कडी वाजवतात. म्हाताऱ्या माणसांना याची केवढी किंमत आहे, ते ज्यांची मुले पुण्या-मुंबईला आहेत त्यांना विचारा. राजवाड्यावरून भाजी पायी आणता येते. बाहेरच्या कॉलनीत कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा गाडी काढावी लागते, आणि गुडघे गेल्यावर गाडीही सुटते.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. दक्षिणेला अजिंक्यतारा, पश्चिमेला यवतेश्वर, म्हणजे शहर सरकणार ते पूर्वेला, महामार्गाकडे आणि माहुलीकडे. कृष्णा-वेण्णेकाठची ती काळी रानं. जिथे ऊस आणि आले उभे असायचे, तिथे आज प्लॉटचे दगड रोवलेले आहेत. त्यांतले कितीतरी प्लॉट नुसते घेऊन ठेवलेले, त्यांत काँग्रेस गवत माजले आहे. एक एकर म्हणजे 40 गुंठे. रस्ते आणि मोकळी जागा सोडून 26-27 उरले, तर त्यात आठ-नऊ बंगले होतात. तेवढ्याच जागेत 26 कुटुंबे नीट राहू शकतात.

रो-हाऊसच्या तक्रारी मला ठाऊक आहेत, दुरुस्तीला मीच जातो. ओल ही पहिली. दोन गच्च्या जिथे मिळतात तिथल्या सांध्यावर बिल्डर नुसता सिमेंटचा हात मारतो, पहिल्याच पावसाळ्यात तडा जातो आणि दोन्ही घरांच्या भिंती फुगतात. मग दोन मालकांत भांडण जुंपते. सांधा नीट भरून वर पाणी उतरेल अशी पट्टी घातली आणि प्रत्येक गच्चीचा पाइप वेगळा काढला, तर हे होत नाही. दुसरी तक्रार अंधाराची. आपल्या जुन्या वाड्यांना मध्ये चौक होता, उजेड आणि वारा तिथून यायचा. आजचे बिल्डर 40 फूट खोल घर बांधतात आणि मधली खोली दिवसासुद्धा दिवा लावून वापरायला लावतात. तिथे सहा बाय सहाचा चौक सोडलाच पाहिजे. भूकंपाची भीतीही रास्त आहे, 1967 चा कोयनेचा धक्का आमच्या घरातली वडील मंडळी अजून सांगतात. पण त्याला उपाय आहे. एकच सामाईक भिंत न घालता प्रत्येक घराची आपली भिंत असावी, मध्ये सांधा सोडावा आणि सांगाडा इंजिनिअरकडून तपासून घ्यावा. गाड्यांचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. गल्लीच्या तोंडाशी सामाईक पार्किंग ठेवल्याशिवाय तो सुटणार नाही.

ज्यांच्या दावणीला जनावरे आहेत किंवा तीन भाऊ एकत्र राहतात, त्यांनी मोठी जागा जरूर घ्यावी. त्यांना माझे काही म्हणणे नाही.

2020 मध्ये हद्दवाढ झाली आणि शाहूपुरी, विलासपूर, शाहूनगर नगरपालिकेत आले. त्याच वर्षी राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्यात रो-हाऊसची तरतूद आहे. तेव्हा नगरपालिकेला माझी विनंती आहे. पेठांतले पडके वाडे आणि हद्दीतले रिकामे प्लॉट आधी भरावेत. तिथे रो-हाऊस बांधणाऱ्याला परवानगी लवकर द्यावी. गच्चीचा सांधा, मधला चौक आणि पार्किंग जागेवर जाऊन पाहिल्याखेरीज भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. आणि नवी पाइपलाइन टाकताना ती किती फुटांची आणि किती घरांसाठी, एवढे दोन आकडे कामाच्या फलकावर लिहावेत.

आपला,
एक प्लंबर वाचक,
चिमणपुरा पेठ, सातारा