मार्चअखेरीला परत आलेले तागे

संपादक महोदय,

अर्थसंकल्प जवळ आला की सगळीकडे पगारदारांच्या टप्प्यांची चर्चा सुरू होते. त्याबद्दल तक्रार नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर शून्य झाला. माझ्या पुतण्याला पुण्यात साडेबारा लाखांचा पगार आहे, पंच्याहत्तर हजारांची प्रमाणित वजावट धरून त्याचे वर्षाला ८० हजारांच्या आसपास वाचतात. गणपतीला येताना त्याने घरी नवा टीव्ही आणला. त्याच टीव्हीवर आमच्या ४३ बी (एच) वर, म्हणजे लहान उद्योगांचे पैसे वेळेत द्यायला लावणाऱ्या आयकराच्या कलमावर, एखादे चर्चासत्र व्हावे, एवढीच माझी हौस.

मी इचलकरंजीत माग चालवतो. साधे माग, स्वतःचे सूत, स्वतःचे कापड. २०२३ च्या अर्थसंकल्पाने आयकर कायद्यात हे कलम घातले आणि २०२३-२४ या वर्षापासून ते लागू झाले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे. मुदत उलटून गेलेली बाकी ३१ मार्चला उभी असेल, तर तो खर्च त्या वर्षी धरला जाणार नाही. भागीदारी पेढीची अशी ५० लाखांची बाकी राहिली, तर उपकरासह ३१.२ टक्क्यांनी १५ लाख ६० हजार रुपये कर भरावा लागतो. पुढे पैसे दिले की वजावट मिळते, पण तोवर रोकड गेलेली असते.

वाचून वाटेल, हे तर तुमच्याच भल्याचे. आम्हालाही वाटले होते. आमच्याकडे पेमेंटची धारा, म्हणजे मुदत, साठ दिवसांची ठरली तरी नव्वद-शंभर दिवस सहज होतात, हे व्यापाऱ्यांनाही ठाऊक आहे.

मग २८ मार्च २०२४ च्या दुपारी दारात टेम्पो उभा राहिला. आत माझेच तागे होते. जानेवारीत दिलेला माल, सत्तर दिवस उलटलेला, घडीसुद्धा मोडलेली नाही. मागोमाग पेढीच्या दिवाणजीचा फोन आला, "अण्णा, मालात काही खोट नाही. मार्चपुरती क्रेडिट नोट द्या, एक तारखेला परत बिल फाडा." म्हणजे कागदोपत्री माल परत, ३१ मार्चला बाकी शून्य आणि सत्तर दिवसांच्या उधारीला पुन्हा पहिला दिवस! टेम्पोचे भाडेही माझ्याच माथी. मी क्रेडिट नोट दिली. न देऊन काय करणार होतो?

दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने माझी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणी, रद्द केल्याचा कागद मागितला, म्हणजे माझे बिल या कलमाबाहेर. बँकेचे कर्ज त्या नोंदणीवर असल्याने मी नाही म्हणालो. आता तो माझेच कापड मधल्या व्यापाऱ्याच्या बिलाने घेतो. व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतीच धरली जाते, ४५ दिवसांचे बंधन त्याच्या बिलाला लागत नाही. मधल्याचे मीटरमागे काही पैसे सुटतात, ते माझ्या दरातून.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याने उशिरा दिलेल्या पैशांवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागायचा हक्क आम्हाला आहे. माझ्या माहितीत तो कुणी वापरलेला नाही. व्याज मागायचे म्हणजे गिऱ्हाईक घालवायचे. रखडलेल्या पैशांसाठी सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार करणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी त्याच बाजारात कापड विकायचे असते.

शिवाय हा कायदा देणेकऱ्याचे आकारमान बघतच नाही. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची व्याख्या वाढली: २५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १०० कोटींपर्यंत उलाढाल. त्यामुळे नव्वद कोटींच्या उलाढालीची सूतगिरणीही लघु आणि मी तिचा देणेकरी. व्यापाऱ्याने मला शंभर दिवस टांगून ठेवले तरी गिरणीचे पैसे मी ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर कर माझ्या डोक्यावर. आमच्या सीएंनी हे समजावून सांगितले तेव्हा मी दोनदा विचारले, खरेच असे आहे का? आहे.

दुखणे आहे ते ३१ मार्च या एका तारखेत आणि लहान-मोठा या भेदात. एप्रिलपासून फेब्रुवारीपर्यंत कितीही रखडवा, आयकराला पत्ता नाही. छोट्याकडून घेतले तरच जोखीम, म्हणून छोटा टाळा.

याला उपाय सरकारच्या हाताशीच आहे. बिलाला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर घेतलेले इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, व्याजासह परत करायचे, असा नियम जीएसटीत आजही आहे आणि तो पुरवठादार लहान की मोठा हे विचारत नाही. ती मुदत १८० ची ९० करावी, दोन वर्षांनी ६० करावी. प्रत्येक बिलाची मुदत आपापल्या तारखेला संपेल, मधल्या व्यापाऱ्याचे बिल लावूनही सुटका नाही. आणि टेम्पो भरून तागे परत पाठवायचे तर ते वर्षातून एकदा जमते, दर महिन्याला कोण पाठवील? इनपुट क्रेडिट हातचे गेले तर पेढ्यांना ते त्याच महिन्यात झोंबते, वर्षअखेरीची वाट बघावी लागत नाही. अर्थमंत्र्यांनी आणि जीएसटी परिषदेने याचा विचार करावा.

असा नियम आला तर मलाही चटका बसेल. सुताला खळ लावून देणाऱ्या सायझिंगवाल्याचे माझ्याकडे दोन बिलांचे पैसे थकले आहेत. काल त्याचा फोन आला होता, मी "सोमवारी बघतो" म्हणालो.

आपला,
एक यंत्रमागधारक, इचलकरंजी