पुण्याला यायचंच आहे

ती. आई-बाबांना सा. न.

मंगळवारी सकाळी दादा अँब्युलन्स घेऊन मिरजेला येईल. बाबांच्या हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनला मी हो म्हणून बसलेय. विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, ‘बघू दिवाळीनंतर.’ इतके दिवस थांबण्यासारखं हे नाहीच.

बाबा, ‘रक्त पातळ व्हायची गोळी रोज घेतो, मग मांडीची रक्तवाहिनी तुंबली कशी,’ असं तुम्ही सारखं विचारता. ती गाठ नुसत्या रक्ताची नव्हती हो. तपासणीत तिच्यात बुरशी निघाली, कॅन्डिडा. बदललेल्या झडपेवर तिचे गोळे धरतात. चांगले मोठे असतात, म्हणून तुकडा सुटला की थेट मोठ्या धमनीत जाऊन अडकतो. पातळ करायच्या गोळीला तो दाद देत नाही. या वेळी पायावर निभावलं, पुढचा कुठे जाईल ते सांगता येत नाही. (आई, हे वाक्य सोडून दे.) नुसत्या औषधाने अशी झडप सहसा साफ होत नाही, ती काढावीच लागते. दोन डॉक्टरांना विचारलं, दोघांचं एकच म्हणणं.

आई, पुरात भिजलेल्या भिंतींमुळे झालं हे डोक्यातून काढ बघू. कॅन्डिडा आपल्यापैकी बहुतेकांच्या आतड्यात असतेच. बाबा आयसीयूत होते तेव्हा मानेतल्या नळीवाटे रक्तात शिरली असावी, असं डॉक्टर म्हणतात. एका ताटात जेवून होत नाही. लोणच्याच्या बरण्या फेकू नकोस!

इथे खालचीच खोली आहे, कमोडजवळ धरायला दांडा बसवलाय. तुझे देव हॉलमध्ये पूर्वेला मांडलेत. पेपर सहाला येतो, चहा त्याआधी मिळेल.

बुरशीवरचं औषध, अँफोटेरिसिन, चढवताना हुडहुडी भरते म्हणे, तापही येतो. माझ्या टायफॉइडात बाबा रात्र रात्र उशाशी बसून सांगायचे, सुई मुंगीएवढीच चावते. खोटं होतं, पण तेवढ्यावर मी हात पुढे करायची. आता मी बसेन, तुमचीच गोधडी घेऊन.

आता ऐका. सगळ्या फायली आणा, इकोच्या सीडीसकट. नंतर बुरशीवरचीच फ्लुकोनॅझोल गोळी बहुतेक कायमची घ्यावी लागेल. तिने रक्त पातळ करणाऱ्या अ‍ॅसिट्रॉमचा जोर वाढतो, तेव्हा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ती तपासणी, सांगतील त्या दिवशी करायचाच, गोळी मनाने कमी-जास्त करायची नाही. आई, मेथी-पालक बंद नको, पण एक दिवस ढीगभर आणि आठवडाभर काहीच नाही, असंही नको, त्याने या गोळीचा जोर खालीवर होतो. गणपतीचा अंगारा जरूर आण. कपाळाला लाव, सलाइनच्या नळीला नाही.

तुमची,
बाळी