लूव्हलचा अरेना करदात्यांच्याच पैशावर उभा आहे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

काल रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवरचा लेख वाचला. रात्री झोपतानाही तो डोक्यातून जाईना, म्हणून आज सकाळीच लिहायला बसले. लेखकानं आमच्या, केंटकी राज्यातल्या लूव्हल शहराचं उदाहरण दिलं आहे. ओहायो नदीच्या काठी, ऐन शहराच्या मध्यात, लूव्हल विद्यापीठाच्या संघासाठी बावीस हजार प्रेक्षकांचा अरेना (बंदिस्त क्रीडागृह) ‘करदात्याच्या खिशाला हात न लावता’ उभा राहिला आणि पुण्या-नागपूरनं हा कित्ता गिरवावा, असं त्यांचं म्हणणं. मी या शहरात 2004 पासून राहते आणि इथली घरपट्टी भरते. ते वाक्य खरं नाही. तुमच्या वर्तमानपत्रात ते तसंच छापून आलं, याचं मला फार वाईट वाटलं.

केएफसी यम सेंटर, म्हणजे हाच अरेना, ऑक्टोबर 2010 मध्ये उघडलं. इमारतीला 23 कोटी 80 लाख डॉलर लागले, हा आकडा लेखात आहे. त्यासाठी 2008 मध्ये काढलेले रोखे 35 कोटींच्या घरातले होते, हे मात्र लेखात नाही. ते फेडायचे कसे? तर अरेनाभोवतीच्या सहा चौरस मैलांत धंदा वाढेल, धंद्याबरोबर कराचं उत्पन्न वाढेल आणि ती वाढ कर्जाकडे वळवायची. रोखे विकले त्याच वर्षी मंदी आली. कागदावर धरलेली वाढ काही आली नाही. तो टापू सहावरून दोन चौरस मैलांवर आणावा लागला. मूडीज या पतमापन संस्थेनं रोख्यांचा दर्जा गुंतवणुकीच्या श्रेणीखाली उतरवला. 2017 मध्ये राज्याच्या विधिमंडळानं वाढीव कर वळवण्याची मुदत 20 वर्षांवरून 45 वर्षांवर नेली आणि विद्यापीठानं वर्षाला आणखी 24 लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. शहर स्वतःच्या अंदाजपत्रकातून दरवर्षी एक कोटी डॉलरच्या आसपास भरतं ते वेगळंच. हा पैसा करदात्याचा नाही, तर कोणाचा?

2019 मध्ये निवृत्तिवेतनाचा बोजा वाढला, विम्यावरचा कर वाढवण्याचा ठराव कौन्सिलमध्ये पडला आणि शहराच्या खर्चाला कात्री लागली. मिडलटाउन आणि फर्न क्रीक इथली वाचनालयं बंद झाली. शहराचे उघड्यावरचे पोहण्याचे तलाव त्या उन्हाळ्यात भरलेच नाहीत. हे अरेनामुळे झालं असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. पण कात्री लावायला बसलेल्यांना अरेनाच्या हप्त्याला हात लावता येत नव्हता, कारण तो कराराने बांधलेला होता. वाचनालयाचा असा करार कोणी केलेला नसतो.

लेखात विद्यापीठाच्या संघाच्या आधीच्या मैदानाचा, फ्रीडम हॉलचा, उल्लेख ‘जुनाट सभागृह’ असा एका ओळीत उरकला आहे. ती ओळ मला सर्वांत जास्त लागली. 1956 सालचा हा हॉल. महंमद अली तेव्हा कॅशियस क्ले होता. 29 ऑक्टोबर 1960 ला तो व्यावसायिक बॉक्सर म्हणून पहिल्यांदा उतरला तो याच हॉलमध्ये. कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय अंतिम फेरी इथं सहा वेळा झाली. आमच्या विद्यापीठानं 1980 आणि 1986 ची राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, तेव्हा त्याचं घरचं मैदान हेच होतं. अठरा हजारांवर माणसं तिथं बसत.

माझे वडील, आप्पा, सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात क्रीडाशिक्षक होते. पहाटे उठून स्वतः फक्कीनं कोर्टाच्या रेषा मारायचे. गावातल्या लोहाराकडून रिंग वाकवून घ्यायचे. जाळी चार दिवसांत फाटायची, मग नुसत्या रिंगवरच खेळ चालायचा. मुलांना लेअप शिकवताना त्यांचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. 2010 च्या हिवाळ्यात ते माझ्याकडे आले होते आणि 6 मार्चला मी त्यांना फ्रीडम हॉलमध्ये घेऊन गेले. तिथला विद्यापीठाचा तो शेवटचा सामना होता. समोर देशात पहिल्या क्रमांकावर असलेला सिराक्यूझ विद्यापीठाचा संघ. पूर्वार्धात ज्याचं खातंही उघडलं नव्हतं, त्या काइल क्युरिकनं उत्तरार्धात 22 गुण केले आणि आम्ही 78-68 जिंकलो. आप्पा खुर्चीवर बसलेच नाहीत. शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्यानं त्यांना मिठी मारली. त्याला मराठी येत नव्हतं आणि आप्पांचं इंग्रजी शाळेपुरतं, तरी दोघं दहा मिनिटं त्या शेवटच्या बास्केटबद्दल बोलत होते. बाहेर आलो तर चारी बाजूंनी जत्रेच्या मैदानाचं पार्किंग, आणि आमची गाडी दारातूनच दिसत होती.

दोन वर्षांनी, जानेवारीत, ते परत आले तेव्हा नव्या अरेनात नेलं. परवडतील ती तिकिटं अगदी वरच्या रांगांची होती. पायऱ्या उभ्या, आणि आप्पांचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. दर पाच-सहा पायऱ्यांना ते कठडा धरून थांबायचे. बसल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तो आधीचा हॉल पाडला का गं?” मी म्हटलं, नाही, आहे की. तिथं आता घोड्यांच्या स्पर्धा होतात, राज्याची जत्रा भरते. ते म्हणाले, “मग हा कशाला?” मला उत्तर देता आलं नाही.

सामना संपल्यावर चार चौक चालून गाडीपाशी आलो तर गाडी जागेवर नाही. संध्याकाळी हातात झेंडा धरलेल्या माणसानं वीस डॉलर घेऊन चिठ्ठी दिली होती. तिथं दुसऱ्याच कोणाच्या नावाची पाटी होती आणि त्यांनी गाडी टो करून नेली होती. फोन केला तर म्हणाले, ती चिठ्ठी आमची नाही. नदीवरून वारा येत होता, पारा शून्याच्या बराच खाली. सत्तरी ओलांडलेला माणूस दीड तास एका बंद दुकानाच्या दाराशी माझी शाल गुंडाळून उभा होता, आणि मी टॅक्सी शोधत होते. रात्री एक वाजता शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दोनशेच्या वर डॉलर भरले तेव्हा गाडी मिळाली. तक्रार केली. उत्तर आजवर आलेलं नाही. आप्पा मला एका शब्दानंही बोलले नाहीत, पण परत सामन्याला चला म्हटलं की टीव्हीवर बघू म्हणायचे. ते जाऊन आता सहा वर्षं झाली.

चूक पार्किंगवाल्याची, अरेनाची नव्हे, असं कोणी म्हणेल. मान्य. पण वीस हजार माणसांना मोकळ्या मैदानावरून उचलून अरुंद चौकांत आणताना त्यांच्या गाड्या कुठं लागतील, म्हातारी माणसं कशी चालतील, हे योजनेत धरायला नको होतं का? नदीकाठची हीच जागा हवी म्हणून तिथलं विजेचं उपकेंद्र हलवण्यापर्यंत तयारी होती.

इमारत वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. डिसेंबर 2024 मध्ये महिला व्हॉलीबॉलची राष्ट्रीय अंतिम लढत तिथं झाली, 21,860 प्रेक्षक होते आणि आमच्या विद्यापीठाच्या मुली अंतिम सामना खेळल्या. मी माझ्या मुलीला घेऊन गेले होते. आम्ही हरलो, तरी आम्हा दोघींचा घसा बसला होता. पण अशा रात्री वर्षात किती येतात? पुरुषांचा बास्केटबॉल संघ 2022-23 मध्ये 4 सामने जिंकला आणि 28 हरला, पुढच्या वर्षी 8 जिंकले, 24 हरले. वरच्या रांगा रिकाम्या दिसायच्या. रोख्यांचा हप्ता मात्र संघ हरला म्हणून कमी होत नाही. 2013 चं विजेतेपद 2018 मध्ये नियमभंगावरून काढून घेतलं गेलं आणि छताखालचा तो झेंडा उतरवला गेला. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांच्या खेळावर एका शहराचं कित्येक वर्षांचं कर्ज टांगून ठेवणं मला चूक वाटतं, आणि मी त्या मुलांची कट्टर चाहती असूनही वाटतं.

पुण्यात असा अरेना मागण्याआधी लेखकांनी एवढं तरी विचारावं, की 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेल्या बालेवाडीच्या संकुलात साध्या कॉलेजातल्या मुलांना वर्षातले किती दिवस खेळायला मिळतं? आणि गावोगावच्या शाळांतल्या रिंगना जाळी आहे का?

आणखी एक. लेखासोबतचं छायाचित्र आमच्या अरेनाचं नाही. ते आमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या, केंटकी विद्यापीठाच्या, लेक्सिंग्टनमधल्या रुप अरेनाचं आहे, निळ्या कपड्यांतला प्रेक्षक त्यात स्पष्ट दिसतो. आमचा रंग लाल. केंटकीत या दोन रंगांवरून सख्खी भावंडं दिवसभर एकमेकांशी बोलत नाहीत, आणि तुम्ही आमच्या नावाखाली त्यांचा फोटो छापलात. शहराचं नावही शीर्षकात ‘लुईसव्हिले’ असं आहे. इथली माणसं ‘लूव्हल’ म्हणतात. फोन करून कोणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं.

करदात्यांबद्दलच्या त्या वाक्याची आणि छायाचित्राची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर छापावी, ही विनंती. मागच्या वेळी माझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद कापला होता. या वेळी जागा कमी पडली तर वरचे आकडे कापा, आप्पांचा भाग ठेवा.

आपली नियमित वाचक,
लूव्हल, केंटकी
(नाव छापू नये)