बाक एक झाला म्हणून ओळख होत नाही : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

परदेशातून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतली मुले आणि स्थानिक मुले जवळ यावीत म्हणून शाळा-महाविद्यालयांत स्नेहमेळावे भरतात. हेतू चांगलाच. पण तिथे येते कोण, हे एकदा बघा. ज्यांना मैत्री करायचीच असते तीच मुले. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती फिरकतही नाहीत.

यात मूल्यांचा मोठा वाटा आहे. मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये दहा मूलभूत मूल्यांची मांडणी केली. सर्वांविषयी समभाव ज्यांना महत्त्वाचा वाटतो, ते स्थलांतरितांशी सहज बोलतात. सुरक्षितता, परंपरा आणि चाकोरी ज्यांना प्रिय, ते बहुधा हातभर लांब राहतात. (सुरक्षितता हवीशी वाटणे हा काही दुर्गुण नव्हे. आपण पालक मुलांना तीच तर शिकवतो.) या मुलांना व्याख्याने देऊन त्यांची मने बदलतील, असे मला वाटत नाही. उलट आपल्यालाच आरोपी ठरवले जातेय असे वाटून ती आणखी आखडतात.

मग करायचे काय? मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितले होते की नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जात नाहीत. दर्जा समान हवा, ध्येय एक हवे, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी आणि संस्थेचा पाठिंबा हवा. पुढे पेटिग्रू आणि ट्रॉप या संशोधकांनी ५१५ अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये दाखवले की संपर्काने पूर्वग्रह सहसा कमी होतो. माझ्या दृष्टीने त्यातला कळीचा भाग वेगळाच आहे: संपर्क टाळण्याची मुभा लोकांना नव्हती, तिथेही पूर्वग्रह कमी झाला.

म्हणून विनंती एवढीच, की हे काम ऐच्छिक मेळाव्यांतून काढून रोजच्या तासाला आणा. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांची १९७१ मधली जिगसॉ पद्धत हाताशी आहे. धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकेक द्यायचा. दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय धडा पुरा होत नाही. भाषा अडखळत बोलणाऱ्या नव्या मुलाकडेही त्या दिवशी सगळ्यांना हवे असलेले काहीतरी असते. त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण आणि वेळापत्रकात जागा द्या.

आणि कृपा करून 'सहिष्णुते'ला गुण देऊ नका. मुले फार लवकर शिकतात, काय लिहिले की गुण मिळतात ते.

आपला,
एक शिक्षक