मेस्त्रीकाकांना, हौद्यावरच्या शटराबद्दल

देवगड तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग

ती. मेस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

माझ्या पिकअपच्या हौद्यावरचं सरकतं झाकण नीट करून दिल्यावर मजुरी विचारली, तेव्हा तुम्ही वायसर आणि रबरपट्टीचे तेवढे पैसे घेतलेत आणि बाकीचं "बघूया मगे" म्हणून स्कूटरला किक मारलीत. ते 'मगे' काही उजाडणार नाही हे मला कळून चुकलंय, म्हणून हे पत्र. ते उघडं लिहितेय, कारण माझ्यासारखे पिकअपवाले आपल्या किनारपट्टीवर आता बरेच झालेत आणि तुम्ही जे केलंत ते त्यांच्याही उपयोगाचं आहे. तुमचं पूर्ण नाव मात्र लिहीत नाही. दुकानांची शटरं तशीच ठेवून तुम्ही दारातल्या गाड्यांच्या मागे लागलात, तर काकी मला उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी: डबल केबिन पिकअपच्या उघड्या हौद्यावर ॲल्युमिनिअमच्या पट्ट्यांचं सरकतं झाकण बसवता येतं. केबिनला लागून आडवा डबा असतो, झाकण त्यात गुंडाळलेलं. हौद्याच्या दोन्ही कडांना आतून क्लॅम्पने आवळलेले चॅनेल, पट्ट्यांची टोकं त्यांतून सरकतात. पट्टा धरून ओढलं की झाकण फाळक्यापर्यंत येतं आणि लॉक बसतं. लॉक सोडलं की आतली स्प्रिंग ते परत डब्यात ओढून घेते. म्हणजे दुकानाचं शटरच, फक्त आडवं. हे तुम्ही गाडीकडे पाहिल्या पाहिल्या म्हणालात आणि तिथेच माझा अर्धा जीव भांड्यात पडला. इसुझूची व्ही-क्रॉस 2016 साली आणि टोयोटाची हायलक्स 2022 साली भारतात आली. गाडीच्या शोरूममध्ये गाडी कळते, झाकण कळणारा माणूस मात्र शोधावा लागतो.

मला हे हवं होतं ते वळवासाठी. एप्रिल-मेमध्ये पेट्या भरून फोंडा घाटाने कोल्हापूरकडे निघावं आणि घाटात अचानक आभाळ भरून यावं, हे इथल्या प्रत्येक बागायतदाराला पाठ आहे. पुठ्ठ्याची पेटी भिजली की खालचा थर वरच्याचं ओझं पेलत नाही, बसते. ताडपत्री असतेच, पण वाऱ्यात एकट्या बाईने दोरी आवळून ती बांधायची म्हणजे गाठी होईतो पाऊस येऊन निघूनही जातो.

झाकण शहरातून बसवून आणलं होतं. दुकानाचं नाव काढत नाही, त्याची आता गरजही नाही. तुम्हाला बोलावलं तेव्हा रडगाणं असं होतं: झाकण दोन-तृतीयांश यायचं आणि उजवीकडे अडकायचं. सोडलं की धाडकन डब्यात जाऊन आपटायचं. आणि पाऊस पडला की पाणी थेट केबिनच्या बाजूला, डब्याखालच्या पेट्यांवर ठिबकायचं. सगळ्यांनी एकच उपाय सांगितला होता, अजून सिलिकॉन भरा.

तुम्ही आधी काहीच केलं नाहीत. गाडी सपाट जागेवर घ्यायला लावलीत, लेव्हल ठेवून पाहिलीत, मग टेप काढलीत. मी मधेमधे लुडबुड करत होते तर "घाई कशाक गो बाय?" एवढंच. हौद्याची रुंदी पुढे, मधे आणि फाळक्यापाशी मोजलीत. मग तिरकी मापं घेतलीत, पुढचा डावा कोपरा ते मागचा उजवा, पुढचा उजवा ते मागचा डावा. ही दोन मापं जुळली नाहीत, आणि अडकण्याचं कारण तिथेच सापडलं. डबाच तिरपा बसला होता. त्यामुळे पट्ट्या एका बाजूने आधी पुढे जात आणि दुसरी बाजू चॅनेलमध्ये आवळली जाई. डोळ्यांना मात्र सगळं सरळ दिसत होतं. "सरळ दिसता म्हणान सरळ नसता," असं म्हणत तुम्ही सगळे क्लॅम्प सैल केलेत.

क्लॅम्प पुन्हा आवळतानाची तुमची पद्धत मला फार आवडली. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण बहुतेक ठिकाणी नेमकं हेच घाईत होतं. आधी डबा कोपऱ्यांना मापून गुण्यात, म्हणजे काटकोनात, घेतलात. चॅनेल जागेवर ठेवून सगळे क्लॅम्प नुसत्या हाताने लावलेत. मग झाकण सावकाश एकदा पूर्ण ओढून परत सोडलंत, म्हणजे चॅनेल झाकणाच्या चालीप्रमाणे आपली जागा घेतील. त्यानंतर पाना. एक डावीकडचा, एक उजवीकडचा, पुढून मागे, प्रत्येकाला थोडं थोडं, आणि प्रत्येक फेरीनंतर पुन्हा टेप. हौद्याचा पत्रा पातळ असतो. एकच क्लॅम्प जीव खाऊन आवळला तर भिंतच आत ओढली जाते आणि केलेलं माप वाया जातं, हे तुम्ही बोटाने पत्रा दाबून दाखवलंत. प्लास्टिकचं अस्तर जिथे क्लॅम्पखाली येत होतं तिथे ते कापून काढलंत, कारण प्लास्टिक दबतं आणि पकड काही दिवसांनी ढिली होते. पत्र्याला भोक पाडायचा विषयच तुम्ही काढू दिला नाहीत. खाऱ्या हवेत पाडलेलं प्रत्येक भोक गंजाला आमंत्रण.

स्प्रिंगच्या वेळी मला लांब उभं केलंत. भरलेल्या स्प्रिंगशी खेळायचं नाही, हे तुमच्या हातावरच्या जुन्या व्रणाकडे पाहून कुणालाही पटेल. ताण थोडा सोडायचा, झाकण चालवून बघायचं, परत थोडा. जास्त ताण असला की झाकण आपटतं आणि पट्ट्यांचे सांधे खिळखिळे होतात, कमी असला की अर्ध्यावर लोळत राहतं. ज्याने शटरच्या शाफ्टवर आयुष्य काढलं नाही त्याने हे घरी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी सगळं टेप आणि पाना हातात असणाऱ्याला जमेल.

आणि मग पाणी. खरे आभार त्याचे आहेत.

सिलिकॉनची नळी मी पुढे केली, तर ती तुम्ही माझ्याच हातात ठेवलीत. "पाणी येतलाच. जातला खयसून ता बघूया." अशा बहुतेक झाकणांच्या कागदात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पाणी शंभर टक्के अडेल अशी हमी नाही. विकणारा ते वाचून दाखवत नाही. पट्ट्यांच्या सांध्यांतून, चॅनेलमधून थोडं पाणी आत येणारच. ते डब्याच्या कोपऱ्यांत जमावं आणि दोन नळ्यांतून गाडीखाली जावं, अशी मुळात सोय असते. आमच्या गाडीत एका कोपऱ्यातलं भोक आधीच्या कारागिराने मायेने भरलेल्या सिलिकॉननेच बुजलेलं, आणि दुसरी नळी मधेच वर उचलली गेल्यामुळे तिला पोट आलेलं. पाणी त्या पोटात बसून राही, मग डबा भरे, मग पेट्या भिजत. तुम्ही पिनेने सिलिकॉन कोरून काढलंत, नळी आखूड केलीत आणि सबंध उतरती राहील अशी बांधलीत. तिचं तोंड सायलेन्सरपासून लांब घेतलंत.

त्यानंतरचा प्रकार आमच्या वाडीत अजून सांगितला जातो. तुम्ही बॅटरी घेऊन हौद्यात आडवे झालात, मला वरून झाकण ओढायला लावलंत, लॉक न लावता, आणि शेजारच्या पोराला झारीने पाणी घालायला सांगितलंत. पाइपचा फवारा नको, झारीच, म्हणजे पाऊस पडतो तसं. आधी केबिनच्या बाजूला, मग मधे, शेवटी फाळक्यावर. आतून तुमचा आवाज येत होता, "हय नाय, फुडे सरक." मग गाडी आमच्या उतारावर नाक खाली करून उभी करायला लावलीत, कारण तसं केलं की सगळं पाणी डब्याकडेच धावतं. नळ्या तिथेही पुऱ्या पडल्या, तेव्हा बाहेर आलात. चष्म्यावर पाणी होतं आणि चेहऱ्यावर शाळेतल्या पोराचा आनंद.

फाळक्याच्या रबराला तुम्ही वर्तमानपत्राची पट्टी लावून पाहिलंत. झाकण बंद करून कागद ओढायचा. सगळीकडे सारखा अडला पाहिजे. एका कोपऱ्यात तो सहज निसटला, तिथे लॉकची जागा केसभर खाली घेतलीत, बस.

ॲल्युमिनिअम आणि लोखंड यांच्यामध्ये खारं पाणी शिरलं की ॲल्युमिनिअम खाल्लं जातं, पांढरी भुकटी निघते. तुम्ही चॅनेलखाली रबरपट्टी टाकलीत आणि खरचटलेल्या जागी प्राइमर लावलात तो त्यासाठीच. बंदरावर जाऊन आले की मी आता चॅनेल गोड्या पाण्याने धुते. ग्रीस किंवा तेल लावत नाही. आमच्या गड्याने खोबरेल आणून ठेवलं होतं, ते मी स्वयंपाकघरात परत नेलं. चॅनेलमध्ये तेल गेलं की जांभ्याची लाल धूळ त्यात कालवली जाते आणि पट्ट्या घासून खाते. सुका फडका आणि सिलिकॉनचा स्प्रे, एवढंच. नळ्यांच्या तोंडाशी कुंभारीण माशी घर करते हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी हसले होते. परवा एका नळीत तिचं मातीचं घरटं निघालं.

तुम्हाला न विचारता दोन गोष्टी मी माझ्या मनाने पाळतेय. माडाखाली गाडी उभी करायची नाही. नारळ झाकणावर पडला तर पट्टी गेलीच. आणि उन्हात हापूस भरलेला असताना झाकण पूर्ण बंद करायचं नाही. आंबा पेटीतही श्वास घेतो, उष्णता सोडतो, बंद हौद्यात तो उकडून निघतो. म्हणून घाट चढेपर्यंत झाकण अर्धं उघडं, आभाळ काळवंडलं की गाडी बाजूला घेऊन बंद. आता ते एका हाताने येतं. गेल्या वळवात पेट्या कोरड्या उतरल्या. व्यापाऱ्याने पुठ्ठ्यावरून हात फिरवून पाहिला आणि काहीच बोलला नाही. त्याच्याकडून यापेक्षा जास्त कौतुक मिळत नसतं.

वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या जिल्ह्यात खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. त्याआधी, मृगाच्या अलीकडे, एकदा स्प्रिंगचा ताण आणि क्लॅम्प बघायला याल का? कुडाळहून माझी मावसबहीण तिचीही गाडी घेऊन येणार आहे. तिचं झाकण डावीकडे अडकतं. येताना काकींनाही आणा, फणसाची भाजी आणि घावणे करते. आणि मजुरीचा आकडा या वेळी घरून ठरवूनच निघा. आम्ही दोघी मिळून तो वसूल करायला लावू.

तुमची,
वरच्या वाडीतली बागायतदारीण