मोठ्या सिट्रीनच्या अंगठीत उथळ खडा आणि सदोष जडाई : तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : मंजूर केलेल्या खड्याऐवजी उथळ खडा बसवल्याबाबत, जडाईतील दोषांबाबत आणि पावतीतील चुकीच्या वजनाबाबत.

महोदय,

तुमच्याकडे ऑर्डर देऊन १८ कॅरेट (७५०) सोन्यात घडवलेली सिट्रीनची अंगठी मिळाली. खडा कडेला छान मधाळ पिवळा दिसतो, पण मधोमध फिका पडतो आणि त्यातून खालचे सोने आरपार दिसते. दुकानातून मिळालेले उत्तर असे, की नैसर्गिक खड्यात एवढा फरक असायचाच. हे उत्तर मला मान्य नाही. सिट्रीन म्हणजे पिवळा क्वार्ट्झ (स्फटिक), मोठ्या आकारातही स्वच्छ मिळणारा खडा आहे. बिघाड खड्याच्या जातीत नसून तुम्ही काम ज्या क्रमाने केले त्यात आहे, आणि तो मोजून दाखवता येतो.

मंजुरीच्या कागदावर ओव्हल खड्याची मापे २० × १५ × ९.५ मि.मी. आणि वजन १५.४० कॅरेट अशी आहेत. अंगठीतला खडा लेव्हरिज गेजने (बसवलेला खडा मोजायचे उपकरण), खालच्या भोकातून टोकापर्यंत मोजला, तर खोली ७.२ मि.मी. भरते. लांबी-रुंदी तीच, म्हणून वरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. ओव्हल खड्याचे अंदाजे वजन काढायची रीत जवाहिऱ्यांना माहीत असते : लांबी-रुंदीच्या सरासरीचा वर्ग × खोली × विशिष्ट गुरुत्व × ०.००२०. सिट्रीनचे विशिष्ट गुरुत्व २.६५ धरले की ९.५ मि.मी. खोलीला साधारण १५.४ कॅरेट येतात आणि ७.२ ला ११.७.

हे सूत्र अंदाजाचेच आहे, म्हणून काट्यावरही पडताळा घेतला. तुमच्या पावतीवर निव्वळ सोने ९.५१ ग्रॅम आहे. १५.४० कॅरेट म्हणजे ३.०८ ग्रॅम. दोन्ही मिळून अंगठी १२.५९ ग्रॅम भरायला हवी, भरते ११.८५. तूट ०.७४ ग्रॅम, म्हणजे ३.७ कॅरेट. वेगवेगळ्या दोन्ही वाटांनी उत्तर ११.७ कॅरेटच येते. पैसे मात्र १५.४० कॅरेटचे घेतले आहेत.

खडा बदलला की मूळ खड्याचाच खालचा भाग घासून पुन्हा पैलू पाडले, हे तुमच्या कारखान्यालाच ठाऊक. पण असे का करावे लागले असेल ते अंगठीच्या घडणीवरून समजते. खड्याची कड जिथे टेकते ती बैठक बोटापासून जेमतेम ५.२ मि.मी. उंच आहे. मंजूर खड्याचा कडेखालचा भाग सुमारे ६.७५ मि.मी. होता. टोक बोटाला टोचू नये म्हणून निदान अर्धा मि.मी. मोकळा ठेवायचा, तर बैठक सव्वासात मि.मी.च्या वर हवी. म्हणजे कॅड (संगणकावरचा) आराखडा खडा न मोजता, तयार साच्यातून काढला आणि नंतर खड्याला साच्यात कोंबले. मोठ्या खड्याच्या कामात आधी खडा हातात घ्यायचा, कॅलिपरने त्याची लांबी, रुंदी, खोली, कडेची जाडी मोजायची, मगच आराखडा आणि मेणाचा नमुना. मेणाच्या नमुन्यात खडा ठेवून पाहिला असता तरी ही चूक सोने ओतण्याआधीच सापडली असती.

खोली कमी झाली की चमक का जाते, हेही सांगतो, कारण तुमच्या विक्री विभागाने "उजेड बदलून बघा" असे सुचवले. क्वार्ट्झचा अपवर्तनांक १.५४४ ते १.५५३, त्याचा सीमांत कोन (ज्याच्या पुढे प्रकाश बाहेर न पडता आतच उलटतो) ४० अंशांच्या किंचित वर. खालचे पैलू ४२-४३ अंशांवर असले तर वरून आलेला प्रकाश आत उलटून पुन्हा डोळ्याकडे येतो. या खड्याचा कडेखालचा भाग ४.७ मि.मी. आहे; १५ मि.मी. रुंदीला कोन ३२ अंशांच्या आसपास पडतो. तेवढ्या कोनावर प्रकाश खालून निसटून जातो आणि मधे खिडकी पडते. कुठलाही दिवा लावला तरी ती बुजणार नाही. ती झाकण्यासाठीच की काय, खाली भोकाची सोन्याची पत्री लावली आहे. तिच्यामुळे खड्याच्या पाठीला साबणाचा थर बसतो आणि ब्रशही पोचत नाही. पाठ उघडी हवी होती.

आता जडाई. एवढ्या खड्याला फक्त चार प्राँग (खडा धरणारे सोन्याचे काटे) दिले आहेत, तेही ०.८ मि.मी. जाडीचे. इथे सहा प्राँग, किंवा चार जोडप्राँग, आणि जाडी १.३ मि.मी.च्या पुढे असायला हवी. खडा बोटाने दाबला की हलतो. १० पट भिंगातून पाहिले तर दोन प्राँगना कडेसाठी खाचच नाही. ते नुसते वरून वाकवून दाबले आहेत. तिसऱ्यात खाच आहे, पण अर्ध्याहून अधिक जाडी कापली गेली आहे; तो प्राँग कशात अडकला की तिथेच मोडेल. खाच साधारण एक तृतीयांश जाडीची आणि खालच्या पैलूच्या उताराला जुळणारी लागते. न जुळल्यास सगळा दाब एका बिंदूवर येतो. तसाच तो चौथ्या प्राँगखाली आला आणि तिथे कडेचा टवका उडाला आहे.

सर्वांत गंभीर बाब म्हणजे त्याच प्राँगजवळून आत गेलेली, पिसासारखी चीर. मंजुरीच्या व्हिडिओत ती नाही आणि प्रयोगशाळेच्या अहवालातही खडा डोळ्यांना स्वच्छ म्हटला आहे. अंगठीचे माप वाढवताना कडीला डाग (तापवून जोडलेला सांधा) दिल्याची खूण दिसते, आणि तुमच्या जॉब-कार्डावर जडाईची नोंद माप वाढवण्याच्या आधीची आहे. म्हणजे खडा जागेवर असताना टॉर्च चालवला गेला. सोन्याचा डाग वितळायला ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. क्वार्ट्झची अंतर्गत रचना ५७३ अंशांना बदलते, आणि त्याच्या कितीतरी खालीही अचानक ताप-गार झाला की तो तडकतो. खडा काढूनच डाग द्यायचा, किंवा लेझर वेल्डिंग करायचे. ही चीर वाढत जाईल. असा खडा वापरण्यायोग्य राहिलेला नाही.

रंग तापवून आणला असेल, तर माझी त्याला हरकत नाही. बाजारातले बहुतेक सिट्रीन ॲमेथिस्ट तापवूनच तयार होते. फक्त ते पावतीवर लिहायला हवे. तुम्ही मात्र "सुनेला पुष्कराज" लिहिले आहे; "सुनेला" हे सिट्रीनचेच बाजारातले नाव. पण बाजारात पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम, तो कोरंडम हे वेगळे खनिज आहे, कठीणपणा ९, सिट्रीनचा ७. विम्यासाठी आणि पुढे विकताना ही नोंद चुकीची ठरेल.

माझ्या मागण्या अशा : २० × १५ मि.मी.चा, किमान ९.४ मि.मी. खोलीचा, चीर-टवका नसलेला सिट्रीन सुटा दाखवून, माझ्यासमोर वजन करून मंजूर करून घ्यावा. त्याच्या प्रत्यक्ष मापावर अंगठीचा वरचा भाग नव्याने घडवावा, पाठ उघडी आणि सहा प्राँग. उंची हातात फार वाटत असेल तर त्याच खड्याचे पेंडंट करायला माझी तयारी आहे. पण खडा पुन्हा उथळ करू नये. माप जडाईआधी पक्के करावे. नव्या कामाची घडणावळ आकारू नये, नवा खडा १५.४० कॅरेटहून कमी भरल्यास तेवढ्या फरकाचे पैसे परत करावेत, आणि नव्या पावतीवर निव्वळ सोने, शुद्धता, एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) व "सिट्रीन (क्वार्ट्झ)" असा स्वच्छ उल्लेख असावा. हे जमत नसेल तर घडणावळीसह पूर्ण रक्कम परत करावी.

अंगठी पाठवण्यापूर्वी तिचे एकूण वजन आणि भिंगातून घेतलेली छायाचित्रे तुमच्या प्रतिनिधीच्या सहीने नोंदवून घ्यावीत. तोवर ती माझ्याकडेच राहील. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून माझ्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ती तिथे दाखल करता येते.

आपला,
(सही)
ग्राहक

सोबत : पावती, मंजुरीचा कागद व जॉब-कार्ड यांच्या प्रती, प्रयोगशाळेचा अहवाल, काट्यावरील वजनाचे छायाचित्र, चारही प्राँगची १० पट छायाचित्रे.